वर आलेलं गाव

नोन्नाचा थोरला भाऊ मच्छीमार होता. १९६९च्या सुमाराला त्याची होडी बंदरात नेहमीच्या जागी तळाला टेकू लागली. धक्क्यावरून एका पावलात होडीत उतरणाऱ्या माणसांना आता उडी मारावी लागायची. समुद्र मागे हटतोय, असं जो तो म्हणे. हा भाऊ मात्र धक्क्याच्या भिंतीवरच्या शेवाळाच्या रेघेवर डोळा ठेवून असायचा. पाणी आणि रेघ यांच्यातलं अंतर वाढतच चाललं होतं. समुद्र जागचा हलला नव्हता. गावच वर येत होतं.

ते गाव म्हणजे नेपल्सच्या पश्चिमेचं पोझ्झुओली. शिकायला गेले तेव्हा मी तिथं ज्या आजीबाईंकडे भाड्यानं राहिले, त्यांना सगळी गल्ली नोन्नाच म्हणायची. गाव वसलंय ते काम्पी फ्लेग्रेई या ज्वालामुखीच्या ऐन मध्यावर. या ज्वालामुखीला शिखर नाही. सुमारे ४०,००० आणि १५,००० वर्षांपूर्वीच्या दोन प्रचंड उद्रेकांत पोटातला शिलारस बाहेर पडला, वरचं छत खचलं आणि बारा-पंधरा किलोमीटर रुंदीचा खोलगट प्रदेश तयार झाला. त्याचा बराचसा भाग समुद्राखाली आहे. उरलेल्यावर घरं, शाळा, रेल्वे, सारं काही आहे.

बंदराच्या डोक्यावर रिओने तेर्रा ही जुनी वस्ती. नोन्ना तिथं सून म्हणून आली. २ मार्च १९७० या दिवशी सैनिक आणि पोलीस गल्ल्यांत शिरले आणि सुमारे ३,००० माणसांना बाहेर काढलं. हे सांगताना नोन्ना वस्तूंची नावं घ्यायची : मुलाचा पाळणा, पिठाचा डबा, सासूचं शिवणयंत्र. एवढंच तिला हाताशी लागलं. पुढं त्या वस्तीत राहायला कुणालाच परत जाता आलं नाही. पण घर गेल्यापेक्षा तिला दुसरंच काही सलत असे. ‘जमीन किती वर आलीय, हे कुणी आम्हाला सांगितलंच नाही. आम्ही अडाणी असू, पण वीत आम्हालाही कळते,’ असं ती म्हणायची. १९७२पर्यंत जमीन सुमारे १.७ मीटर वर आली होती.

तिच्या आजीकडून आलेली एक गोष्टही ती सांगे. फार पूर्वी एकदा समुद्र अचानक मागे सरला आणि लोकांनी उघड्या पडलेल्या वाळूतून टोपल्या भरभरून मासे वेचले. मला ती दंतकथा वाटायची. पुढं १५३८ सालच्या उद्रेकाची समकालीन वर्णनं वाचली, तर त्यांत ते मासे होते. आधी समुद्र हटला, मग २९ सप्टेंबरला जमीन फाटली आणि आठवडाभरात सुमारे १३० मीटर उंचीची नवी टेकडी, मोन्ते नुओवो, उभी राहिली. त्रिपेर्गोले नावाचं गाव तिच्याखाली गेलं. त्याआधी कित्येक वर्षं किनारा वर येत होता. नव्यानं उघडी पडलेली जमीन राजानं गावाला बहाल केल्याचे कागद सोळाव्या शतकाच्या आरंभीचे आहेत.

याहूनही जुना पुरावा गावातच उभा आहे. सेरापिओ या रोमन बाजाराच्या संगमरवरी खांबांवर, पायथ्यापासून साडेतीन मीटरच्या वर, दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी पाडलेल्या भोकांचा पट्टा दिसतो. म्हणजे हे खांब उभ्याउभ्या समुद्रात बुडाले आणि पुन्हा वर आले. चार्ल्स लायेलनं १८३० साली भूविज्ञानावरच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभी या खांबांचंच चित्र छापलं.

आज जमिनीच्या या चढउताराची मोजणी वेसूवियस वेधशाळा करते. वेधशाळा १८४१पासूनची. पोझ्झुओलीत विसाव्या शतकाच्या आरंभापासून तलेक्षण होत आलंय : भिंतींत खुणा पक्क्या करायच्या आणि दुर्बीण व मापनपट्टी घेऊन त्यांच्या उंचीतला फरक पुन्हा पुन्हा काढायचा. आता जोडीला जीपीएसची केंद्रं, जमिनीचा कल मोजणारी यंत्रं, समुद्रातली उपकरणं आणि उपग्रहांवरची रडारं आहेत. त्या सगळ्यांतून एकच आकृती उमटते : पोझ्झुओलीशी उठाव सर्वाधिक, तिथून सर्व दिशांना उतरता. या उंचवट्याच्या आकारावरून खालचा दाब किती खोलीवर आहे, याचा अंदाज बांधता येतो. तो काही किलोमीटरवरच निघतो. गावातल्या सोल्फातारा या विवराच्या परिसरातून रोज हजारो टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खालचा दाब तापलेल्या पाण्याचा आणि वायूंचा किती, शिलारसाचा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे.

तो वाद महत्त्वाचा आहे, कारण उठाव म्हणजे उद्रेक, असं इथं दर वेळी झालेलं नाही. १९८२ ते १९८४ या काळात जमीन आणखी १.८ मीटर उचलली गेली. ४ ऑक्टोबर १९८३च्या भूकंपाच्या धक्क्यानंतर सुमारे ४०,००० माणसांना हलवावं लागलं. उद्रेक झाला नाही. जमीन पुन्हा खाली बसू लागली. २००५पासून ती परत वर येतेय, सव्वा मीटरहून अधिक आलीय. मे २०२४मध्ये ४.४ आणि २०२५मध्ये ४.६ तीव्रतेचे धक्के बसले.

नोन्नाचं ऐकताना मला पाटण तालुक्यातली माझी आजी आठवायची. तिथली जमीन ज्वालामुखीच्या जुन्या लाव्हाची असली, तरी कोयनेचा भूकंप वेगळ्या कारणाचा, धरणाच्या जलाशयाशी जोडलेला. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे आजी मुलांना कवटाळून अंगणात धावली. त्याआधीही तिला धक्के जाणवत होते, पण त्यांचे आकडे तिच्या वाडीपर्यंत कधी पोचले नाहीत. दोघी आज्यांना जमीन कळत होती. जमिनीविषयीची माहिती मात्र इतरांकडे होती.

आता वेधशाळा काम्पी फ्लेग्रेईचा अहवाल दर आठवड्याला सर्वांसाठी प्रसिद्ध करते : किती धक्के, किती मिलिमीटर, किती वायू. नोन्नाची नात तो वाचते आणि शंका असली की गावच्या सभेत उठून विचारते. उद्रेकाचा दिवस त्या अहवालातून कळणार नाही. पण घर सोडा म्हणून सांगायला उद्या कुणी दारात आलं, तर का सोडायचं, हे तिला माहीत असेल. मोजलेला प्रत्येक मिलिमीटर आधी त्या जमिनीवर राहणाऱ्यांचा असतो. तो त्यांना सांगणं हा मोजणीचाच भाग आहे.