दहावीचा शेवटचा धडा आणि उरणची जमीन

अकरावीच्या प्रवेशाचा हंगाम आला की द्रोणागिरीपासून करंजापर्यंत घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो. "कॉमर्स घे, पण मॅथ्स नको. एसपी घे, मार्क पडतात." सल्ला देणारे मामा-काका वाईट हेतूने देत नाहीत. अकरावी कॉमर्सला गणित आणि सेक्रेटेरियल प्रॅक्टिस यातलं एक निवडायचं असतं आणि एसपीत पाठांतरावर निभावतं, हे खरंच आहे. पण गणित सोडताना पोरं नेमकं काय सोडतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. त्या पुस्तकाचं पूर्ण नाव 'गणित व संख्याशास्त्र' आहे, आणि त्यातलं दुसरं नाव आपल्या तालुक्याच्या फार कामाचं आहे. का, ते जरा मागे जाऊन सांगतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याकडे शेतीचे आकडे पिढ्यान् पिढ्या आणेवारीने ठरले. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, निम्मं पीक म्हणजे आठ आणे. सरकारी माणूस गावात यायचा, बांधावर उभा राहून नजरेने अंदाज घ्यायचा आणि आकडा लिहायचा. तो आकडा शेतकऱ्याचं वर्ष ठरवायचा, कारण पीक ठरावीक आण्यांच्या खाली गेलं तरच सारा तहकूब व्हायचा. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला १९१८ चा खेडा सत्याग्रह आपण गांधीजींचा लढा म्हणून शाळेत शिकतो. त्याच्या मुळाशी हाच वाद होता. पीक चार आण्यांच्या वर आहे, असं अधिकारी म्हणत होते. चार आण्यांच्या खाली आहे, असं शेतकरी म्हणत होते. म्हणजे एक मोठा सत्याग्रह मोजणी कशी करायची या प्रश्नावर उभा राहिला. पुढे आणे गेले, पैसे आले. तरी अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर दुष्काळी सवलतींची चर्चा अजून होते.

नजरेच्या अंदाजाला शास्त्राने आव्हान दिलं, त्यात आपल्या मातीतला एक माणूस आघाडीवर होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्म, पुण्याच्या फर्ग्युसनमधून गणित घेऊन पदवी. संख्याशास्त्र शिकायला ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, कार्ल पिअर्सनने उभ्या केलेल्या परंपरेत. तिथे १९३६ साली पीएचडी केली आणि परत येऊन शेती संशोधनात पडले. पुढे १९५१ पासून वीस वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत रोमला सांख्यिकी विभाग त्यांनी सांभाळला. १९७१ साली पद्मभूषण मिळालं.

त्यांचा एक वाद मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नजरेचा अंदाज नको, तर मग काय करायचं? गावातली काही शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, त्यात एक छोटा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून वजन करायचं आणि त्यावरून सगळ्या भागाचं उत्पादन काढायचं. तुकडा केवढा घ्यायचा, यावर मतभेद झाले. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पाहण्यांत लहान तुकडे वापरत होते. काम झटपट होतं, खर्च कमी. सुखात्मे म्हणाले, लहान तुकडा उत्पादन फुगवून दाखवतो. १९४६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी ते मांडलं.

का फुगतं? ज्यांनी भात कापलाय त्यांना लगेच कळेल. दोरी लावली की काही रोपं बरोबर दोरीवर येतात. कापणारा ती आत धरतो, बाहेर टाकायला हात धजत नाही. आता हिशेब करा. एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा घेतला तर क्षेत्र एक चौरस मीटर आणि दोरी चार मीटर. दहा बाय पाचचा घेतला तर क्षेत्र पन्नास चौरस मीटर आणि दोरी तीस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला फक्त ०.६ मीटर दोरी. तुकडा लहान असेल तेवढा दोरीवरच्या रोपांचा वाटा जास्त. यात चोरी कुणाचीच नाही, तरी आकडा चुकतो. शिवाय नुसते तुकडे वाढवले म्हणून ही चूक जात नाही, कारण ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकते. आज तलाठी आणि कृषी सहायक भाताला दहा बाय पाच मीटरचा प्लॉट आखतात, त्यामागे हा सगळा वाद आहे. त्याच पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यांवर पीक विम्याचा निवाडा होतो.

(महालनोबिस यांचा मोठेपणा याने कमी होत नाही. २९ जून हा त्यांचा जन्मदिवस, तोच २००७ पासून देशात सांख्यिकी दिन म्हणून साजरा होतो. भांडण दोन मोठ्या माणसांचं होतं आणि त्यातून पद्धत सुधारली.)

पुण्यात दुसरीकडे धनंजयराव गाडगीळांची गोखले संस्था १९३० पासून घरोघरी जाऊन पाहण्या करत होती. १९५३ साली पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्राचा विभाग आला, त्याचे प्रमुख कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार, केंब्रिजहून पीएचडी करून आलेले. मग वि. म. दांडेकर. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर जे लिहिलं त्यावर देशभर चर्चा झाली. पण महाराष्ट्राला दांडेकर आठवतात ते 'अनुशेष' या शब्दामुळे. त्यांच्या समितीने १९८४ साली हिशेब मांडला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, एकेका बाबतीत राज्याची सरासरी काढायची, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली आहे त्याची तूट म्हणजे त्याचा अनुशेष. एका सरासरीवर पुढची कितीतरी वर्षं विधानसभेत भांडणं झाली. ती योग्यच होती. पण जिल्ह्याची सरासरी जिल्ह्याच्या आतलं काही बोलत नाही. रायगडच्या एकाच सरासरीत न्हावा-शेवा बंदरही येतं आणि डोंगरातली आदिवासी वाडीही येते.

आता आपल्या दारात येऊ. १९७० साली सिडको आली, ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्क्यांचा हक्क आला. साडेबारा टक्के म्हणजे एकराला पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के कपात, म्हणजे हातात पावणेनऊ टक्के, एकराला साडेतीन गुंठे. हा हिशेब आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही तोंडपाठ आहे. शेकडेवारीत आपल्या लोकांना कुणी फसवू शकत नाही. अडतं ते पुढे, सरासरीपाशी.

२०१३ च्या भूमी संपादन कायद्याचं कलम २६ काढून वाचा. जमिनीचा बाजारभाव ठरवायचे तीन मार्ग त्यात आहेत आणि तिन्हींत जो जास्त तो धरायचा. त्यातला एक मार्ग सरासरी विक्री किमतीचा. जवळच्या गावात तशाच जमिनीची मागच्या तीन वर्षांत झालेली खरेदीखतं घ्यायची, त्यातली जास्त किमतीची निम्मी बाजूला काढायची आणि त्या निम्म्यांची सरासरी धरायची. दहावीच्या पोराने हे वाचलं तर त्याला लगेच ओळखीचं वाटायला हवं. किमती चढत्या क्रमाने लावा, मध्यक शोधा, मध्यकाच्या वरच्या किमतींचा मध्य काढा. संसदेने केलेल्या कायद्यात दहावीच्या गणित भाग एकचा शेवटचा धडा बसलाय!

उदाहरण घेऊ, आकडे नुसते समजण्यापुरते. एका गावात दहा खतं झाली. गुंठ्याचा भाव लाखांत: २, २, ३, ३, ३, ४, ५, ६, ८, १४. सगळ्यांची सरासरी पाच लाख. मध्यक साडेतीन. सगळ्यात जास्त वेळा आलेली किंमत, म्हणजे बहुलक, तीन. आणि कलम २६ प्रमाणे वरच्या पाचांची सरासरी सात लाख चाळीस हजार. गाव तेच, खतं तीच, आणि चार उत्तरं. "इथे साधारण तीन लाखाचाच भाव चालतो" असं म्हणणारा खोटं बोलत नाही, तो बहुलक सांगतोय. पण तुमचा हक्क बहुलकावर नाही.

अजून एक मेख आहे. एखादी किंमत खऱ्या बाजारभावाची निदर्शक नाही असं जिल्हाधिकाऱ्यांना वाटलं तर ती वगळता येते, अशी तरतूद त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. वरच्या पाचांतलं चौदा लाखांचं खत बाजूला केलं तर उरलेल्या चारांची सरासरी पावणेसहा. एका खताने एक लाख पासष्ट हजारांचा फरक, तोही एका गुंठ्यामागे. वगळणं कधी बरोबरही असतं, एखादं खत खरंच विचित्र असू शकतं. पण ते विचित्र आहे की नाही यावर वाद घालायला आपल्या बाजूला ही भाषा बोलणारा कुणीतरी बसलेला असावा लागतो. (पुढचा गुणांक आणि दिलासा रक्कम यांचं गणित वेगळं. प्रत्येक प्रकल्पात हेच कलम लागतं असंही नाही, वाटाघाटीने आणि भागीदारीनेही जमिनी घेतल्या जातात. पण वाटाघाटीला बसतानाही पाया हाच आकडा असतो.)

हे आत्ताच का लिहितोय? अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल, दोन्ही १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. उरण, पनवेल, पेणच्या १२४ गावांवर नव्या शहराची अधिसूचना निघालीय. विरार-अलिबाग मार्गिका आहे, करंजा-रेवस पूल आहे. आणि गावोगावची माणसं मोजणारी जनगणना २०११ नंतर २०२१ ला व्हायची ती लांबली. द्रोणागिरी नोडमधले अर्धे टॉवर २०११ ला नव्हतेच. तो जुना आकडा पुढे करून कुणी पाण्याचं किंवा दवाखान्याचं नियोजन दाखवायला लागलं, तर पहिला प्रश्न तारखेचा विचारायचा.

आता परत त्या अकरावीच्या पुस्तकाकडे. सत्तरच्या दशकात १०+२+३ आलं, १९७५ साली दहावीची पहिली एसएससी झाली आणि कॉलेजात शिकवायचा बराच भाग ज्युनिअर कॉलेजात उतरला. अमेरिकेत शाळेतल्या मुलांनी कॉलेजच्या पातळीचं संख्याशास्त्र शिकावं म्हणून एपी स्टॅटिस्टिक्सची परीक्षा १९९७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी साडेसात हजारांच्या आसपास मुलं बसली, पुढे हा आकडा दोन लाखांच्या वर गेला. त्याचं तिकडे केवढं कौतुक! आपल्या अकरावी-बारावी कॉमर्सच्या पुस्तकात विचलन, सहसंबंध, काय-स्क्वेअर, प्रतिगमन, कालश्रेणी, निर्देशांक, द्विपद आणि पॉयसाँ वितरण इतकं सगळं आहे. आर्ट्सवाल्यांनाही अकरावीच्या अर्थशास्त्रात विभाजन मूल्ये आणि बारावीला निर्देशांक आहेत. कार्ल पिअर्सनने १९०० साली मांडलेला काय-स्क्वेअर आज उरणचा सोळा वर्षांचा मुलगा घरी बसून शिकू शकतो.

पुस्तकाबद्दल माझी तक्रार आहेच. आकडे आयते दिलेले असतात, पोराने फक्त सूत्रात घालायचे. नमुना कसा निवडायचा, कुणाला विचारलं आणि कोण सुटलं, दोरीवरची रोपं कुणी आत ओढली, हे सुखात्म्यांचे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. दहावीला तर संभाव्यता आणि सांख्यिकी हे शेवटचे दोन धडे, 'सोपे आहेत, मार्कांचे आहेत' म्हणून डिसेंबरात उरकले जातात. गृहीतमध्य पद्धत पाठ होते, सरासरी आणि मध्यक इतके लांब का गेले हे कुणी विचारत नाही. शिक्षकांना दोष देत नाही, वेळच तेवढा असतो.

म्हणून ज्यांच्या घरात दहावी-अकरावीचं पोर आहे त्यांना एक काम सुचवतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे, त्यात सूची दोन दिसते. आपलं गाव आणि मागची तीन वर्षं घ्या. जमिनीची खतं वेगळी काढा, फ्लॅटची नकोत. क्षेत्र आणि किंमत वहीत उतरवा, गुंठ्याचा भाव काढा आणि चढत्या क्रमाने लावा. मग मधोमध रेघ मारून वरच्या निम्म्यांची सरासरी पोराला काढू द्या. फार वेगळं खत दिसलं तर ते खोडू नका, बाजूला खूण करा आणि का वेगळं आहे ते गावात विचारा. एका गावाची वही भरायला एक रविवार पुरतो. कुणी केली तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि किती खतं सापडली तेवढं लिहा, खरेदीदाराची-विक्रेत्याची नावं नकोत.