रुबीच्या कडेवरचे केस

फोटोशॉपमध्ये क्विक मास्क चालू केला की झाकलेला भाग लाल दिसतो. ऑफसेटच्या प्रोसेस खात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या आम्हा लोकांना तो लाल लगेच ओळखू येतो. ती आमची रुबी, म्हणजे रुबीलिथ.

पारदर्शक पॉलिएस्टरवर चढवलेला लाल पापुद्रा असं तिचं रूप. लाइट टेबलावर फिल्मवर रुबी पसरायची, ब्लेडने आकृतीच्या कडेकडेने जायचं, पण हात इतका हलका ठेवायचा की वरचा लाल थर तेवढा कापला जावा, खालच्या पॉलिएस्टरला धक्का लागू नये. मग ब्लेडच्या टोकाने कोपरा उचलून नको तेवढा लाल थर कांद्याच्या सालासारखा सोलायचा. लिथ फिल्मला लाल प्रकाश जाणवतच नाही. त्यामुळे डोळ्यांना आरपार दिसणारी रुबी फिल्मच्या लेखी ठार काळी! ज्याने कोणी हे शोधलं त्याच्या बुद्धीला मी आजही मानतो.

पण साडीच्या जाहिरातीत मोकळ्या केसांची बाई आली की घाम फुटायचा. ब्लेड एक तर झाकतं, नाही तर उघडं टाकतं. केसांच्या टोकाशी मागचा रंग अर्धामुर्धा डोकावतो, तो कापायचा कसा?

झाकून छापण्याची कला मुळात फार जुनी. 1850च्या दशकातल्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या रंगाला अतोनात संवेदनशील होत्या. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरं व्हायचं. म्हणून फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्र आणि ढग वेगळ्या निगेटिव्हवर घेऊन क्षितिजाच्या रेषेवर जोडले. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेयलँडर यांनी 1857 साली तीसहून अधिक निगेटिव्हमधून एकच भव्य चित्र छापलं. एका वेळी एक आकृती उघडी, बाकी कागद झाकलेला. शेवटच्या आकृतीला हात चुकला की आधीची सगळी मेहनत पाण्यात.

पुढे डार्करूममध्ये एन्लार्जरखाली पुठ्ठा हलवत ठेवून कड मऊ करता येऊ लागली, पण तीच कड दुसऱ्या प्रिंटवर पुन्हा मिळेल याची खात्री नसे.

खरी कोंडी फुटली ती 1977च्या सुमारास. न्यू यॉर्कमध्ये एड कॅटमल आणि अल्व्ही रे स्मिथ यांनी प्रत्येक पिक्सेलला रंगाबरोबर आणखी एक आकडा दिला: हा ठिपका किती झाकायचा? हाच अल्फा चॅनल. नॉल बंधूंचं फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं आणि 1994च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले. आठ बिटच्या मास्कमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये आता करड्याच्या 254 छटा आहेत. केसांचं टोक त्या करड्यात बसतं.

इतकं हातात असताना कोणी इरेजरने बॅकग्राउंड पुसलं की माझा जीव तुटतो. मास्क काही पुसत नाही, नुसता झाकतो. गिऱ्हाईक महिन्याने येऊन म्हणतं, "मागचा वाडा राहू द्या हो"; तेव्हा मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की वाडा जसाच्या तसा परत येतो.