राजगृह : एका घराच्या नकाशाचा इतिहास

१/ घर बांधायचे ठरले की पहिली ओढाताण कागदावरच सुरू होते. स्वयंपाकघर केवढे असावे, आल्यागेल्याला कुठे बसवावे, मुलांनी अभ्यास कुठे करावा, पुस्तके कुठे ठेवावीत? जागा मोजकी असते आणि तिच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. १९३० साली मुंबईतील एका बॅरिस्टरांनी कुटुंबासाठी घर बांधायला घेतले. या प्रश्नांना त्यांनी दिलेले उत्तर आजही दादरच्या हिंदू कॉलनीत उभे आहे. त्या घराचे नाव राजगृह. आजचा थ्रेड त्याच्या नकाशाविषयी.

२/ हा नकाशा नीट वाचायचा तर त्याआधीच्या खोल्या पाहाव्या लागतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी, सैन्यातून निवृत्त झाले आणि पुढे कुटुंब मुंबईला आले. परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत त्यांचे बिऱ्हाड होते. चूल तिथेच, भांडीकुंडी तिथेच, धूर तिथेच आणि रात्रीची अंथरुणेही तिथेच. अशा खोलीत शाळकरी मुलाने अभ्यास कुठे करायचा?

३/ रामजींनी यावर तोडगा काढला. जागेची वाटणी करणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी वेळेची वाटणी केली. भीमरावाला रात्री लवकर झोपवायचे आणि दोनच्या सुमारास उठवायचे. तो उठला की त्याच्या जागी वडील आडवे होत. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी आणि समोर काच नसलेला रॉकेलचा दिवा, असे वर्णन चरित्रकार धनंजय कीर यांनी केले आहे. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले ते याच दिव्याच्या उजेडात. त्या घरात अभ्यासाला ठरलेली वेळ होती, जागा मात्र नव्हती.

४/ पुढचा मुक्काम परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत. १८९६ च्या प्लेगने मुंबईतील कोंदट वस्त्यांची अवस्था सरकारच्या डोळ्यांपुढे आणली आणि १८९८ साली ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. या ट्रस्टने कामगारांसाठी ज्या चाळी उभारल्या, त्याच बीआयटी चाळी. आंबेडकर कुटुंबाकडे तिथे ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या होत्या. दोन्ही दुसऱ्या मजल्यावर, समोरासमोर.

५/ नकाशाच्या दृष्टीने हा फार मोठा पालट होता. एका खोलीत संसार आणि दुसरीत वाचन. संसार आणि पुस्तक यांच्यामध्ये पहिल्यांदाच एक भिंत आली. पण त्या भिंतीबरोबर चाळीचा सामाईक मार्गही आला, तिथला गलबलाही आला. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या घेऊन परतलेला, उच्च न्यायालयात वकिली करणारा हा विद्वान पुढे कित्येक वर्षे याच दोन खोल्यांत राहिला. महाडच्या सत्याग्रहाच्या वर्षी, म्हणजे १९२७ साली, त्यांचे बिऱ्हाड इथेच होते.

६/ मध्येच आणखी एक ‘घर’ येते, अवघ्या अकरा दिवसांचे. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हाती अधिकाराचे पद होते, पण शहरात डोके टेकायला जागा मिळेना. अस्पृश्याला हिंदू खानावळीत प्रवेश नव्हता. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले.

७/ त्या इमारतीची रचना त्यांनी स्वतःच पुढे आठवणींत नोंदवली आहे. खाली व्यवस्थापक आपल्या कुटुंबासह राही. वर एक लहान झोपायची खोली, तिला लागून नळ असलेली न्हाणी आणि उरलेला सारा मजला म्हणजे एक प्रशस्त दालन. त्या दालनात फळ्या, बाके आणि मोडक्या खुर्च्यांची अडगळ भरलेली. दिवाबत्तीची सोय नाही. रात्री एक कंदील तेवढा मिळे. त्या अंधारात एकटेपणा विसरण्यासाठी ते वाचीत बसत. जागेची कमतरता इथे अजिबात नव्हती. नव्हता तो तिथे राहण्याचा हक्क.

८/ अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव जिना चढून आला आणि त्यांना धर्मशाळा सोडावी लागली. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक भारतीय ख्रिस्ती. दोघांकडेही आसरा मिळाला नाही. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता. ते पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. परदेशातून पदवी घेऊन आलेला सव्वीस वर्षांचा अधिकारी, आणि छप्पर नाही!

९/ ही केवळ एका शहराची निष्ठुरता नव्हती. आपल्याकडच्या जुन्या घरांचे नकाशेच पाहा. अंगण, ओटी, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. बाहेरून आत जाणारी ही ओळ म्हणजे जातीची एक मोजपट्टीच होती. कोणी ओटीवर थांबायचे, कोणी माजघरापर्यंत यायचे आणि कोणी अंगणाच्याही बाहेर उभे राहायचे, हे ठरलेले असे. गवंड्याने भिंत घालण्याच्या आधीच समाजाने ती घातलेली असे. अशा समाजात अस्पृश्य माणसाने स्वतःच्या घराचा नकाशा स्वतः ठरवणे ही साधी खाजगी बाब राहत नाही.

१०/ आता १९३० कडे येऊ. दादर-माटुंगा ही आखीव वसाहत त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची निर्मिती. ज्या संस्थेने परळला श्रमिकांच्या चाळी बांधल्या, तिनेच दादरला मध्यमवर्गासाठी रुंद रस्ते आणि भूखंड आखले होते. हिंदू कॉलनीत तेव्हा वस्ती प्रामुख्याने उच्चवर्णीय पांढरपेशांची. परळ आणि दादर यांच्यातले अंतर मैलांत मोजले तर थोडे, सामाजिक मापाने मात्र फार मोठे. डॉ. आंबेडकरांनी याच कॉलनीत दोन भूखंड घेतले.

११/ दोन कशासाठी? इथे अर्थशास्त्रज्ञाचा हिशेब दिसतो. पाचव्या गल्लीतील १२९ क्रमांकाच्या भूखंडावर कुटुंबासाठी घर, तर तिसऱ्या गल्लीतील ९९ क्रमांकाच्या भूखंडावर भाड्याने देण्यासाठी इमारत. बांधकामासाठी बँकेचे कर्ज काढले गेले. भाड्याची इमारत ‘चार मिनार’ १९३२ साली उभी राहिली. राहते घर १९३३ साली पूर्ण झाले.

१२/ आणि हा त्या घराचा नकाशा. तळमजल्यावर प्रत्येकी तीन खोल्यांचे दोन संच. तिथे कुटुंबाचे वास्तव्य. घरात पत्नी रमाबाई आणि मुलगा यशवंत यांच्याखेरीज दिवंगत थोरल्या बंधूंचे कुटुंबही होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन संचांचे प्रयोजन उमगते. वरच्या मजल्यावर ग्रंथालय आणि कार्यालय. म्हणजे डबक चाळीत ज्या अभ्यासाच्या वाट्याला पहाटेचे काही तास आले होते आणि बीआयटी चाळीत एक खोली आली होती, त्याला इथे संपूर्ण मजला मिळाला.

१३/ सामान्यतः घर बांधणारा माणूस आधी खोल्या ठरवतो आणि उरलेल्या कोपऱ्यात कपाट बसवतो. इथे ग्रंथ हा कुटुंबातील एक सदस्य मानून त्याची जागा आधी राखलेली दिसते. राजगृहात पन्नास हजारांहून अधिक ग्रंथ होते, असे सांगितले जाते. नेमकी संख्या काहीही असो; एवढ्या पुस्तकांचा भार आणि एवढ्या वाचनाला लागणारी शांतता, या दोहोंची तरतूद या नकाशात होती.

१४/ घर उभे राहत होते तो काळही पाहा. १९३० ते १९३२ या वर्षांत लंडनला तीन गोलमेज परिषदा झाल्या आणि तिन्हींना ते उपस्थित होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. एका बाजूला कोट्यवधी माणसांना देशाच्या राज्यघटनेत कोणती जागा मिळणार याचा वाद आणि दुसऱ्या बाजूला आपल्या घरच्यांना कोणती खोली मिळणार याची आखणी. दोन्ही कामे एकाच माणसाच्या मेजावर होती.

१५/ नावही विचारपूर्वक ठेवलेले. राजगृह म्हणजे मगधाची प्राचीन राजधानी, बिंबिसार आणि अजातशत्रू यांचे नगर. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती तिथेच भरली, असे बौद्ध परंपरा सांगते. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. बुद्धाच्या काळाशी जोडलेले हे नाव दारावर मात्र त्या दोहोंच्या आधीच लागले होते.

१६/ पण नकाशात सुखाची हमी नसते. चाळीत हालअपेष्टा सोसलेल्या रमाबाईंना हे घर जेमतेम दोन वर्षे लाभले. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. वरच्या मजल्यावरील ज्ञानसाधनेची किंमत खालच्या मजल्याने किती मोजली, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळू नये. बाबासाहेबांनीही तो टाळला नसावा. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांनी ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला.

१७/ पुस्तकांची भूक घराच्या हिशेबालाही पुरून उरली. ९ मे १९४१ रोजी त्यांनी ‘चार मिनार’ विकली. ग्रंथखरेदीची देणी आणि कर्ज फेडण्यासाठी. उत्पन्नाची इमारत गेली, ग्रंथांची राहिली. पुढे जून १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले आणि त्यांच्या संग्रहातील ग्रंथ तिथल्या विद्यार्थ्यांसाठी गेले. ज्याला एकेकाळी वाचायला कोपरा नव्हता, त्याची पुस्तके अशी इतरांच्या हाती पोहोचली.

१८/ ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव मुंबईला आणले गेले ते राजगृहावरच. बडोद्यात ज्याला एकाही दाराने आत घेतले नव्हते, त्याच्या दारापुढे त्या दिवशी अंत्यदर्शनासाठी लोकांचा महासागर लोटला होता.

१९/ म्हणून एखादे जुने घर पाहाल तेव्हा केवळ कमानी आणि नक्षी पाहून थांबू नका. त्याचा नकाशा कागदावर उतरवा आणि विचारा : सर्वांत मोठी जागा कोणाला दिली आहे? कोणाला केवळ उरलेली वेळ दिली आहे? दारापाशी कोणाला थांबवले आहे? आपल्या घरापासून आरंभ केलात तरी चालेल. आजोबांचे घर, वडिलांचे घर आणि आपण बांधू पाहत असलेले घर, हे तीन नकाशे शेजारी ठेवून पाहा. घराण्याचा बराचसा इतिहास त्यांत सापडेल.

(थ्रेड समाप्त)