‘ह’ची बाराखडी आणि तिचा कर्ता

नटानें स्वतःसाठीं नाटक लिहावें, ही गोष्ट आपल्या रंगभूमीस नवी नाहीं. पण मधुकर तोरडमल यांनीं स्वतःसाठीं जी भूमिका लिहिली, तिच्यांत नेमके शब्दच गाळले! सोलापुरास १९३२ सालीं जन्मलेले हे गृहस्थ तेव्हांच्या अहमदनगरास महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत. त्यांच्या ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ या नाटकांतील प्राध्यापक बारटक्के बोलतां बोलतां मोक्याचा शब्द सोडतात आणि रिकाम्या जागीं ‘ह’ची बाराखडी घालतात. अर्धें वाक्य नट बोलतो, उरलेलें प्रेक्षक मनांत पुरें करतो. चावट अर्थ निघालाच, तर दोष प्रेक्षकाच्या माथीं! (परभणीच्या आम्हां मास्तरांना हें हंसूं अंमळ जपूनच येतें.) लेखणी आणि कंठ एकाच माणसाचे नसते, तर ही युक्ति साधली नसती, कारण तिचें सारें बळ कागदावर नसून उच्चारांत आणि विरामांत आहे.

त्या हशानें त्यांच्यावर थोडा अन्यायही केला, असें मला वाटतें. ‘काळं बेट लाल बत्ती’ लिहिणारा, अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथा मराठींत आणणारा, ‘सिंहासन’ (१९७९) या राजकारणावरील चित्रपटांत गांभीर्यानें वावरणारा, ‘तिसरी घंटा’ हें आत्मचरित्र लिहिणारा हा नट पुष्कळांच्या लेखीं बारटक्केच राहिला. २ जुलै २०१७ रोजीं मुंबईस ते निवर्तले, तेव्हां लोकांना प्रथम आठवली ती ‘ह’ची बाराखडी.