खळ्यावरचा शब्द

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातले शेजारशेजारचे तालुके. जुन्नरला तहसील कचेरी आहे, आंबेगावची घोडेगावला आहे. तिथं महसूल जमा होतो. आणि एका दाखल्यासाठी तीनदा येऊन रिकाम्या हातानं परतणारा शेतकरी म्हणतो, ‘हेलपाटे घालून काय हशील?’ तहसील, महसूल आणि हशील हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूची लेकरं आहेत. त्या कुटुंबाची आज ओळख करून घेऊ.

संस्कृतात ‘कृ’ धातूपासून कर्ता, कर्म, कार्य, कृती असे शब्द होतात, हे आपण शाळेत शिकलो. अरबीतही असंच आहे. फरक इतकाच की तिथला धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. ती व्यंजनं आपल्या क्रमानं टिकून राहतात, त्यांच्या आतले स्वर बदलतात, मागंपुढं एखादं अक्षर जोडलं जातं आणि नवा शब्द घडतो. आपला धातू आहे ह-स-ल. मिळणं, हाती लागणं, हा त्याचा अर्थ.

पण हाती लागणं म्हणजे कसं? रागिब इस्फहानी या जुन्या कोशकारानं ‘तहसील’चा अर्थ फार सुंदर सांगितला आहे. टरफलातून गर काढणं. खाणीतल्या दगडातून सोनं वेगळं करणं किंवा भुशातून गहू वेगळा करणं, तशी ही क्रिया. म्हणजे हा शब्द मुळात कचेरीतला नाहीच. तो खळ्यावरचा आहे. वारा सुटला की पाटी उंच धरून उफणायचं. भूस उडून जातं, दाणे पायाशी पडतात. पायाशी पडलं ते हासिल. कुराणातही हा धातू एकदाच येतो, आणि तोही याच अर्थच्छटेनं: शेवटच्या दिवशी माणसाच्या छातीत दडलेलं सगळं बाहेर काढलं जाईल, असं सांगताना.

आता साचे पाहा. हासिल म्हणजे जे हाती आलं ते. महसूल म्हणजे मिळवलेलं. अरबीत आजही ‘महसूल’ म्हणजे शेतातलं पीक. आपल्याकडे त्या पिकावरचा सारा. तहसील म्हणजे गोळा करण्याची क्रिया. आपण ती सरकारी वसुलीपुरती ठेवली आणि मग वसुलीच्या मुलखालाच ते नाव दिलं. इराणात मात्र ‘तहसीलात’ म्हणजे शिक्षण. तिथं विद्या गोळा करतात! हिंदी शाळेत बेरजेतला हातचा ‘हासिल’ असतो. आपल्या जुन्या पुस्तकांच्या जाहिरातीत ‘टपाल हशील निराळे’ असं छापलेलं असे. आणि पक्ष्याच्या गळ्याखाली दाणे साठवायची जी पिशवी असते, तिला अरबीत ‘हौसला’ म्हणतात. जुने कोश हा शब्द याच धातूखाली देतात. जितकी पिशवी मोठी तितकी कुवत. त्यावरून उर्दूत हौसला म्हणजे हिंमत झाला. आपली मराठी ‘हौस’ मात्र या घरातली नव्हे, तिचं मूळ वेगळं. ‘वसूल’ही परका. त्याचा धातू पोचणं, भेटणं या अर्थाचा. गझलेतला ‘विसाल’, म्हणजे मिलन, हा वसुलीचा सख्खा भाऊ आहे, हे कर्जदाराला सांगून पटायचं नाही.

हे शब्द जुन्नरला आले ते फारसीच्या पाठीवर बसून. १४९० मध्ये मलिक अहमदनं बहमनी सत्ता झुगारून जुन्नरातूनच निजामशाहीचा पाया घातला. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, त्यानंतर वसलं. पुढे मलिक अंबरनं जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत घालून दिली. मात्र कर हा काही या शब्दांबरोबर आला नाही. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा, असं परंपरा सांगते. तो घाट सातवाहनांच्या काळापासून वाहता आहे. घेणं जुनंच, नाव तेवढं नवं आलं.

याच जुन्नरच्या शिवनेरीवर १६३० मध्ये शिवाजीमहाराज जन्मले. त्यांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. राज्यकर्त्यानं आपल्या भाषेला मान द्यावा, हे योग्यच होतं. तरी महसूल गावच्या दप्तरातून हलला नाही. २०२४ मध्ये सरकारनं तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं. दोन बाजूंना दोन संस्कृत शब्द आणि मधोमध खळ्यावरचा अरबी दाणा. कुणाला तो खटकला नाही. ‘तुम्ही मुसलमान, मग मराठीत कविता कशी लिहिता?’ असं मला अजून विचारलं जातं. मी त्यांना हे पदनाम दाखवतो.

पण कुटुंबातला मला सगळ्यात जवळचा शब्द हशील. महसूल आणि तहसील सरकारनं घेतले. हशील माणसांनी आपल्याकडे ठेवला आणि त्याचा प्रश्न केला. पूर्वी खळ्यावर रास पडली की सरकारचा सारा बाजूला निघे, मग सुतार, लोहार, चांभार, मुलाणी यांचं बलुतं. उरेल ते कुणब्याचं. आज खळी गेली, हिशेब तोच आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की शेतकरी औषधं, मजुरी, गाडीभाडं वजा करत जातो आणि शेवटी हाच शब्द उच्चारतो. आणि ज्या आंबेगावच्या नावानं तालुका ओळखला जातो, ते जुनं गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पोटात आहे. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेलं, तिथली शेतं भिजली. तालुक्याच्या दप्तरात गावाचं नाव राहिलं. ज्यांच्या भातखाचरांवर पाणी आलं, त्यांच्या पायाशी किती दाणे पडले?

महसुलाचा आकडा दरवर्षी जाहीर होतो. हशिलाचा हिशेब मात्र ज्याचा त्याला करावा लागतो. एकाच धातूचे हे दोन शब्द पुन्हा एकाच खळ्यावर बसतील, तेव्हा कचेरीला तहसील म्हणणं खरं शोभेल.