अनुमोदन

धर्मग्रामाच्या सभेत ठराव मांडला जातो, कोणीतरी ‘माझे अनुमोदन आहे’ असे म्हणतो, हात वर होतात आणि इतिवृत्तात सूचक व अनुमोदक यांची नावे लिहिली जातात. पुढे वर्गणीची वही फिरू लागली की अनुमोदकास शोधावे लागते, हा आपल्या सर्वांचाच अनुभव!

‘मुद्’ म्हणजे आनंदणे आणि ‘अनु’ म्हणजे मागोमाग. दुसऱ्याच्या सत्कृत्याने आपणही आनंदित होणे, हा या शब्दाचा मूळ भाव. बौद्ध भिक्षू दान स्वीकारल्यावर दात्यासाठी जे आशीर्वचन बोलतात, त्यालाही अनुमोदनच म्हणतात. जैन परंपरा याहून कठोर आहे. कृत, कारित व अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केले असता मनाने मान्य केलेले, अशा तिन्ही कर्मांचे फळ ती माणसाच्या पदरी घालते. वाईटाला दिलेली मूक संमतीही त्यात आली.

लोणावळ्याजवळ कार्ल्याचा डोंगर चढून एकवीरेच्या देवळापाशी पोहोचले की सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे चैत्यगृह समोर येते. वैजयंतीच्या भूतपाल नामक श्रेष्ठीने ते पूर्णत्वास नेल्याचा लेख तेथे आहे. भिक्षूंना दिलेल्या गावाविषयी राजाने अधिकाऱ्यास पाठविलेली आज्ञाही कोरलेली असून तीत ‘मामाल’ हे नाव येते. तेच आपले मावळ, असे अभ्यासक मानतात. परंतु आम्हांला अधिक मोलाचे वाटतात ते खांबांवरचे लहान लेख. खांब एकेकाने दिलेले. दाते बहुतेक धेनुकाकट या गावचे. त्यांतील कित्येक स्वतःस ‘यवन’ म्हणवितात. परक्या वंशाच्या या माणसांनी आरंभिलेल्या कार्याला आपला वाटा जोडला आणि खाली नाव घातले. ‘अनुमोदन’ हा शब्द त्या खांबांवर नाही. तेथे ‘दान’ एवढेच आहे.

आपण मिस्सेत ‘आमेन’ म्हणतो, तेही अनुमोदनच. श्रोत्यांचे ‘आमेन’ म्हणजे त्यांची सही होय, असे संत ऑगस्टिन यांनी आपल्या लोकांना सांगितले होते. सही केली की देणे लागू होते, हे व्यवहार जाणणाऱ्यांस सांगावयास नको.

कार्ल्याच्या प्रवेशद्वाराचे दान देणारा सिंहदत्त सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता. द्वार घडविणाऱ्याचे नावही तेथे कोरलेले आहे: वेणुवासाचा पुत्र सामी, धंद्याने सुतार, राहणार धेनुकाकट.