सुवाह्य सायकल पंप

सुवाह्य सायकल पंप : रस्त्यावरील सायकलीच्या टायरमधील हवा प्रवासात गेल्यास ती पुन्हा भरता यावी म्हणून सायकलस्वाराने स्वतःबरोबर नेण्याचा लहान हातपंप. एक दंडगोलाकार नळी, तीत मागेपुढे सरकणारा दट्ट्या, दट्ट्याच्या टोकाला चामड्याचा किंवा रबराचा वाटीसारखा वायसर आणि ट्यूबच्या झडपेवर बसणारे मुख एवढेच याचे मुख्य भाग असतात. दट्ट्या मागे ओढताना वायसरच्या कडा आत मिटतात व बाहेरील हवा नळीत येते. पुढे दाबताना त्याच कडा फाकून नळीला घट्ट चिकटतात व कोंडलेली हवा झडपेवाटे ट्यूबमध्ये जाते. ही रचना गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत मूलतः बदललेली नाही. बदलले आहेत ते पंपाचे आकारमान, त्याची सायकलीवरील जागा आणि त्याच्याकडून अपेक्षित असलेला दाब. कोणता पंप बरोबर घ्यावा हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण वस्तीपासून दूर, अंधार पडत असताना ज्याच्या चाकातील हवा गेली आहे त्याला तो तसा वाटत नाही.

इतिहास : भरीव रबरी धावांच्या सायकलीला पंपाची गरज नव्हती. हवा भरलेल्या धावेचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन (१८२२–७३) या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घेतले होते. परंतु त्या वेळी आजच्यासारखी सायकलच अस्तित्वात नसल्याने ती कल्पना मागे पडली. जॉन बॉइड डनलॉप (१८४०–१९२१) या बेलफास्टमधील पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी १८८७-८८ मध्ये ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. डनलॉप याने आपल्या पहिल्या धावेत हवा भरली ती फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने. सायकलीसाठी वेगळा पंप अजून जन्माला यावयाचा होता. १८८९ मध्ये बेलफास्ट येथील शर्यतींत विली ह्यूम याने या धावांवर विजय मिळविल्यानंतर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. टॉमसनचे जुने एकस्व उजेडात आल्याने डनलॉपचे एकस्व पुढे रद्द ठरले, पण नाव मात्र त्याचेच राहिले.

हवेच्या धावेबरोबर हवा जाण्याचे संकटही आले. डनलॉपची मूळ धाव चाकाच्या कड्याला डिंकवलेली असे. १८८९ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे मिशेलीन बंधूंच्या कारखान्यात अशी पंक्चर झालेली धाव दुरुस्तीसाठी आली. ती काढून ठिगळ लावण्यास काही तास आणि डिंक वाळण्यास रात्र लागली. यावरून एद्वार मिशेलीन याने सहज काढता-घालता येणारी धाव तयार केली. १८९१ मध्ये पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सु. १,२०० किमी. अंतराच्या शर्यतीत शार्ल तेराँ हा याच धावांवर सु. ७१ तासांत पहिला आला. स्वाराला वाटेत स्वतः पंक्चर काढणे शक्य झाले, तेव्हाच बरोबर पंप बाळगण्याला अर्थ आला. पंक्चर काढता येत नसेल तर पंप निरुपयोगी आणि पंप नसेल तर काढलेले पंक्चर व्यर्थ, असा हा संबंध आहे.

सुरुवातीच्या काळातील शर्यतींच्या नियमांनी ही स्वावलंबनाची सवय अधिक पक्की केली. ‘तूर द फ्रान्स’ या १९०३ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीत स्वाराने आपली दुरुस्ती आपणच करावी, असा संयोजक आंरी देग्रांज याचा कटाक्ष होता. १९१३ मध्ये तूरमाले घाटाच्या उतारावर अझेन क्रिस्तॉफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल वाहून नेत तो दहा किमी.हून अधिक चालला आणि सेंत-मारी-द-कांपां या गावातील लोहारशाळेत त्याने चिमटा स्वतःच्या हातांनी सांधला. भाता मात्र तेथील एका मुलाने चालविला, म्हणून त्याला वेळेचा दंड झाला. भात्याची हवादेखील जेथे परक्याची मदत ठरत होती, तेथे टायरमधील हवेची गोष्ट सांगावयास नको. खांद्यावरून आडवी घातलेली जादा धाव आणि सांगाड्याला अडकविलेला लांब पंप हे त्या काळच्या शर्यतपटूंच्या छायाचित्रांतील नेहमीचे दृश्य आहे.

सांगाड्यावरील पंप : विसाव्या शतकाचा बराच मोठा काळ सुवाह्य पंप म्हणजे सायकलीच्या नळ्यांच्या मध्ये, त्यांना समांतर बसणारा लांब पंप असेच समीकरण होते. इंग्लंडमध्ये ब्ल्यूमेल या संस्थेचे सेल्युलॉइडच्या नळीचे हलके पंप, फ्रान्समध्ये झेफाल या नावाचे धातूचे पंप आणि इटलीत मिलान येथे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या सिल्का या संस्थेचे पंप नावाजले. सिल्काचा ‘इंपेरो’ हा प्लॅस्टिकच्या नळीचा पंप अनेक स्वार कांपान्योलो बनावटीच्या पोलादी मुखासह वापरीत. मुठीतील स्प्रिंगेमुळे असे पंप दोन नळ्यांच्या कोनात ताणून बसत आणि वेगळ्या पट्टीची गरज लागत नसे. त्यासाठी पंपाची लांबी सांगाड्याच्या मापाशी जुळवून घ्यावी लागे. आखूड पंप खड्ड्यात निखळून पडे. सायकल उभी करून कामास गेल्यावर पंप चोरीस जाणे हाही सार्वत्रिक अनुभव होता.

महाराष्ट्राला या विषयाची ओळख लवकर झाली. डनलॉपच्या एकस्वाच्याच वर्षी, म्हणजे १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. पुढे पुण्यासारख्या शहरात सायकल हे घरोघरचे वाहन झाले. मात्र चौकाचौकांत सायकलदुकाने असल्याने आणि तेथे पायाखाली धरून चालविण्याचा मोठा पंप असल्याने स्वतःचा पंप बाळगण्याची निकड भासत नसे. ती निकड अलीकडे लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाने निर्माण केली आहे.

झडपांचे प्रकार : पंप निवडताना प्रथम झडप पाहावी लागते. भारतीय साध्या सायकलींना डनलॉप किंवा वुड्स नावाची झडप असते. तिच्या आतील दांडीवर रबराची बारीक नळी, म्हणजे ‘वॉलट्यूब’, चढवितात. ती वाळली की हवा धरत नाही. मोटारगाड्यांना व जाड टायरच्या सायकलींना अमेरिकेतील श्रेडर झडप असते. शर्यतीच्या सायकलींना फ्रान्समध्ये १८९० च्या दशकात निघालेली, स्क्लाव्हेराँ किंवा प्रेस्टा नावाने ओळखली जाणारी बारीक झडप असते. श्रेडरसाठी कड्याला ८ मिमी., तर प्रेस्टासाठी केवळ ६ मिमी. व्यासाचे छिद्र पुरते. अरुंद कड्याच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. प्रेस्टा झडपेत स्प्रिंग नसते. आतील हवेचा दाबच तिला बंद ठेवतो आणि पंपाचा दाब तिला उघडतो. म्हणून हातपंपाला ती सोयीची; पण तिची दांडी नाजूक असते. मुख सरळ झडपेवर बसविणाऱ्या पंपाने जोर करताना हात हलला की दांडी वाकते किंवा तुटते. यावर लवचिक नळी असलेला पंप हा खात्रीचा उपाय होय. आपल्याकडील रस्त्याकडेच्या दुकानातील पंप प्रेस्टावर बसत नाही, यासाठी पितळेचे छोटे जोडटोपण जवळ ठेवणे इष्ट असते.

आकार व श्रम : दट्ट्यावर लावावा लागणारा जोर हा दाब आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराएवढा असतो. टायरमध्ये दर चौ. सेंमी.ला ७ किग्रॅ. दाब हवा असेल, तर १५ मिमी. व्यासाच्या नळीत शेवटी सु. १२ किग्रॅ., २२ मिमी. व्यासाच्या नळीत सु. २७ किग्रॅ. आणि २५ मिमी. व्यासाच्या नळीत सु. ३४ किग्रॅ. जोर लागतो. शेवटचा आकडा केवळ दंडाच्या बळावर वारंवार गाठणे बहुतेकांना अशक्य आहे. म्हणून उच्च दाबाचे पंप बारीक असतात. बारीकपणाची किंमत फेऱ्यांच्या संख्येत मोजावी लागते. २५ मिमी. रुंदीच्या टायरचे घनफळ सु. १ लिटर धरले, तर ७ किग्रॅ. दाबासाठी त्यात बाहेरची सु. ७ लिटर हवा कोंबावी लागते. १५ मिमी. व्यासाच्या व १५ सेंमी. धावेच्या पंपाने एका फेरीत सु. २६ घ. सेंमी. हवा जाते; म्हणजे हिशेबाने अडीचशेहून अधिक आणि प्रत्यक्षात त्याहूनही अधिक फेऱ्या होतात. २२ मिमी. व्यासाचा, ४० सेंमी. धावेचा जुना लांब पंप तेच काम पन्नासेक फेऱ्यांत करतो.

विक्रेते क्वचितच सांगतात अशी आणखी एक बाब आहे. दट्ट्या पूर्ण दाबल्यावरही मुखात व नळीत थोडी हवा अडकून राहते. वरील लहान पंपात ही जागा ४ घ. सेंमी. असेल, तर हवेचा दाब मूळच्या साडेसातपटीपलीकडे ढोबळमानाने जात नाही. त्यातून वातावरणाचा दाब वजा केला की, टायरमध्ये साडेसहाच्या आसपास हवा भरणे थांबते, मग कितीही फेऱ्या मारा. पंपावर छापलेला कमाल दाब त्यामुळे सावधपणेच वाचावा. दाबलेली हवा तापते व नळी हाताला चटका देण्याइतकी गरम होते. चामड्याच्या वायसरला तेलाचे बोट लावण्याची जुनी पद्धत त्याला मऊ ठेवण्यासाठी होती.

अलीकडील बदल : १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वरची नळी तिरपी असलेले सांगाडे रस्त्यावरील सायकलींत रूढ झाले आणि लांब पंपाची जागाच नाहीशी झाली. त्याऐवजी पाण्याच्या बाटलीशेजारी किंवा खिशात मावणारे लहान पंप आले. त्यांपैकी घडीचे पाऊल, लवचिक नळी व आडवी होणारी मूठ असलेला, जमिनीवर टेकवून दाबावयाचा प्रकार प्रस्तुत लेखकास सर्वांत समाधानकारक वाटतो. त्यात दंडाऐवजी शरीराचा भार कामी येतो. थोडे अधिक वजन ही त्याची उणीव आहे. कार्बन डाय-ऑक्साइडची १६ ग्रॅ. वायूची कुपी काही सेकंदांत टायर भरते, कारण तीतून सु. साडेआठ लिटर वायू निघतो. मात्र हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो, त्यामुळे घरी पोहोचल्यावर साधी हवा पुन्हा भरावी लागते. शिवाय कुपी एकदाच उपयोगी पडते. दुसऱ्या पंक्चरला दुसरी कुपी हवी, तिसऱ्याला काहीच उरत नाही. पुणे-मुंबईकडील स्वारही भाग घेतात त्या २०० ते ६०० किमी. अंतराच्या, बाहेरील मदतीविना पार करावयाच्या ‘ब्रेव्हे’ प्रवासात म्हणूनच कुपीबरोबर हातपंप ठेवणारे स्वार अनेक आहेत. २०२० च्या दशकात विद्युत् घटावर चालणारे मुठीएवढे पंपही बाजारात आले. त्यांची क्षमता घटातील भारावर अवलंबून असते.

दरम्यान टायरच रुंद होत गेले आहेत. पूर्वी २३ मिमी. रुंदीचे टायर ७ ते ८ किग्रॅ. दाबाने वापरीत, त्याऐवजी २८ मिमी. व त्याहून रुंद टायर पुष्कळ कमी दाबाने वापरले जातात. आकडी नसलेल्या कड्यांसाठी तर सु. ५ किग्रॅ. ही मानक मर्यादाच आहे. अशा टायरसाठी १५ मिमी. व्यासाचा बारीक पंप घेतल्यास फेऱ्याच वाढतात. थोडा जाड, १८ ते २० मिमी. व्यासाचा पंप अधिक सोयीचा पडतो.